पावणेसातचा दिवा

बोर्डबाईंना माणसं चेहऱ्याने कधी लक्षात राहायची नाहीत. शेजारीण बाजारात अगदी समोरून आली तरी बाई खुशाल पुढे निघून जायच्या, आणि मग ती शेजारीण आठवडाभर फुगून बसायची. पण तीच शेजारीण जिन्यात पाठीमागून नुसती खाकरली, की बाई मान न वळवता म्हणायच्या, "काल परत गार पाणी प्यालात ना?" नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या हिला देवाने डोळे नुसते शोभेला दिलेत. सगळा कारभार कानांवर. फक्त माझं बोलणं तेवढं त्या कानांत शिरत नाही."

हे कान त्यांनी चौतीस वर्षं मुख्यमंत्र्यांच्या कचेरीला वाहिले होते. खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक असेल तर असेल. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे बोर्डबाई म्हणायचे, कारण बाई टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या. तळमजल्यावर जिन्याखाली खोली. खोलीत एक खिडकी, एक स्टूल, पाण्याचा माठ, आणि भिंतभर उभं लाकडी कपाट. त्या कपाटात दहा ओळी, ओळीत दहा खोबण्या, आणि प्रत्येक खोबणीवर वाटाण्याएवढा दिवा. फोन आला की दिवा लागायचा. बाई दोरीचं एक टोक त्या खोबणीत खुपसायच्या, कोण हवंय ते विचारायच्या, आणि दुसरं टोक त्या माणसाच्या खोबणीत. बस, एवढंच काम. पण अख्खं सरकार त्या दोऱ्यांवर बोलायचं.

आता कुणी म्हणेल, आजकाल असले बोर्ड कुठे राहिलेत? बरोबर आहे. सगळीकडे बटणांची यंत्रं येऊन जुनी झाली. पण ही कचेरी म्हणजे बाबा आदमच्या काळची. मुख्यमंत्री बदलायचे, गालिचा बदलायचा, बोर्डाची फाईल मात्र टेबलांवरून फिरतच राहायची.

मुख्यमंत्र्यांना या खोलीत कुणी नावाने ओळखत नसे. पहिले साहेब, दुसरे साहेब, असा हिशोब. पहिले दोन बाईंच्या आधीचे. त्यांच्या गोष्टी मोठ्या बाईंकडून ऐकलेल्या. मोठ्या बाई म्हणजे ज्यांनी यांना काम शिकवलं त्या. पहिल्या साहेबांच्या वेळी सगळं सरकार दोन खोल्यांत मावायचं. ते फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडायचे, की फोन केला नसता तरी चाललं असतं. पण धरण बांधलं ते त्यांनीच. दुसरे साहेब कुजबुजायचे. पक्षातलीच माणसं आपलं बोलणं ऐकतात असा त्यांना संशय, आणि तो अगदी खरा होता. तिसरे बाईंच्या वाट्याला आले ते एकोणीस दिवसांसाठी. त्या एकोणीस दिवसांत त्यांनी नुसते आभाराचे फोन केले. मग तीन महिने मुख्यमंत्रीच नव्हते. वरून कुणी अधिकारी येऊन कारभार बघून जायचा. पहिल्या ओळीतला पहिला दिवा, एक नंबरचा, तीन महिने लागला नाही. बाई रोज सकाळी तो फडक्याने पुसायच्या. आणि मग आले चौथे साहेब.

चौथे साहेब रोज सकाळी पावणेसातला बंगल्यावरून फोन करायचे. "नमस्कार बाई. धरणात किती?" बाई आकडा सांगायच्या. "बरं." फोन खाली. अकरा वर्षांत यात एका शब्दाचा फरक नाही. शहर धरणाच्या खाली वसलेलं, आणि नदीच्या अगदी काठाला खालची वस्ती. सहाशे पंधरा फुटांच्या वर पाणी गेलं की धरणाचे दरवाजे हळूहळू उघडायचे, म्हणजे पाणी सावकाश उतरतं आणि वस्तीला हलायला वेळ मिळतो. हा हुकूम फक्त मुख्यमंत्र्यांनी द्यायचा. दुसऱ्या साहेबांच्या काळात कुणा इंजिनिअरने आपल्या अक्कलहुशारीने दरवाजे उघडून हजार एकर पीक बुडवलं होतं, तेव्हापासूनचा नियम. चौथे साहेब म्हणायचे, बाकी सगळी कामं मंत्री करतात, सचिव करतात, माझं स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम आहे.

धरणावरचा मोजणीवाला साडेसहाला बोर्डावर फोन करून आकडा द्यायचा. बाई तो वहीतल्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायच्या. पण हा मोजणीवाला म्हणजे काही घड्याळाचा काटा नव्हे. महिन्यातून दोन-तीनदा त्याला उशीर व्हायचाच. मग काय करायचं? साहेबांना "अजून आकडा आला नाही" म्हणायचं? मोठ्या बाईंनी शिकवून ठेवलं होतं, "कालच्यात फूटभर घालून सांगायचं आणि खरा आला की चौकोनात खरा लिहायचा. साहेबांना थांबवायचं नाही." मोठ्या बाईंनी तसंच केलं, त्यांच्या आधीच्यांनी तसंच केलं, आणि बाईंनीही तसंच केलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

एका श्रावणातल्या सकाळी मोजणीवाल्याचा फोन आला नाही. बाहेर धो धो चाललेलं. आदल्या दिवशीचा आकडा सहाशे अकरा. पावणेसातला एक नंबरचा दिवा लागला.

"नमस्कार बाई. धरणात किती?"

"सहाशे बारा, साहेब."

"बरं."

सहा त्रेपन्नला मोजणीवाल्याचा फोन आला. माणूस धापा टाकत होता. सहाशे सोळा, आणि चढतंय, म्हणाला. बाईंनी चौकोनात सहाशे सोळा लिहिलं. हात एक नंबरच्या खोबणीकडे गेला. पण मुख्यमंत्र्यांना उलटा फोन करून काय म्हणायचं? मघाशी मी मनाने सांगितलं? तेवढ्यात तीन दिवे एकदम लागले. बाईंनी ते घेतले. मनात म्हणाल्या, नऊच्या अहवालात जाईलच आकडा. चार फुटांनी काय होतंय?

नऊचा अहवाल साहेबांच्या हातात पडेपर्यंत साडेदहा झाले. तोपर्यंत धरणच जाईल की काय अशी वेळ आली आणि सगळे दरवाजे एका दमात उघडावे लागले. खालच्या वस्तीतली एक्केचाळीस माणसं गेली.

चौकशी बसली. वही मागवली गेली. चौकशीवाल्या साहेबांनी चौकोनावर बोट ठेवलं. "सहाशे सोळा. हाच आकडा तुम्ही मुख्यमंत्र्यांना पावणेसातला सांगितलात?" बाईंच्या मांडीवर तेव्हा दोन वर्षांचा मुलगा असायचा, नवऱ्याचं दुकान नुकतंच कुठे सुरू झालं होतं. बाई म्हणाल्या, "हो."

एक शब्द. समोरच्या खुर्चीत चौथे साहेब बसले होते. त्यांनी बाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. चूक माझी." दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, आणि चौदा महिन्यांनी गेले. लोकांनी त्यांचं नावच टाकून दिलं. जो तो त्यांना धरणबुडवे म्हणू लागला.

बाईंना वाटायचं, साहेबांना सगळं कळलं होतं. कळूनही त्यांनी आपल्याला पदराखाली घेतलं. या विचाराने बरं वाटायला हवं होतं, पण त्याने जास्तच जळायचं.

साहेब गेल्यानंतर दहाव्या दिवशी, सकाळी पावणेसातला, एक नंबरचा दिवा लागला.

बंगला तेव्हा रिकामा होता. पाचव्या साहेबांनी अपशकुनी म्हणून तिथे राहायला नकार दिला होता, आणि त्यांच्या नव्या घराची लाईन वेगळ्या खोबणीवर होती. बाईंनी दोरी उचलली, कारण दिवा लागला की दोरी उचलायची एवढंच त्या हाताला ठाऊक.

"नमस्कार बाई. धरणात किती?"

चौतीस वर्षांत बाईंनी आवाज ओळखायला कधी चूक केली नाही. तीच ती थोडी बसकी पट्टी, "बाई" म्हणताना किंचित थांबणं.  तोंडातून त्या दिवसाचा आकडा आपोआप बाहेर पडला. पलीकडून "बरं" आलं नाही. फोन खाली ठेवल्याचाही आवाज नाही. नुसतं कुणीतरी कान लावून थांबलंय एवढं कळत होतं. सहा त्रेपन्नला दिवा आपला आपण विझला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठ मिनिटं, एक कमी नाही की एक जास्त नाही. बाईंनी लाईनमनला बोलावलं. तो तेव्हा नवा होता, पोरगेलासा. त्याने कपाटाची मागची फळी काढली, बॅटरी मारली, एक तुटकं टोक ओढून दाखवलं. "बाई, बंगल्याची वायर कापून दोन महिने झाले. हा दिवा लागणार कसा? यात जीवच नाही." बाईंनी सुट्टी घेऊन पाहिलं. त्या नसल्या की दिवा लागत नसे. मग त्यांनी कायमची सकाळपाळीच मागून घेतली. बोर्डावर पाळीने बसणाऱ्या बाकीच्या बायकांना काय, आनंदच झाला. एवढ्या पहाटे उठायची हौस कुणाला?

वीस वर्षं. पाचवे साहेब आले, गोड बोलून एकही फोन पुरा न करणारे. सहाव्या आल्या, त्या साहेब असून "बाई, जेवलात का?" विचारायच्या. सातवे आले, आठवे आले. आठव्यांनी तर बोर्डाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, सगळा कारभार खिशातल्या मोबाईलवर. आणि रोज सकाळी पावणेसातला चौथे साहेब विचारायचे, धरणात किती. बाई त्या त्या दिवसाचा अगदी खरा आकडा सांगायच्या, मोजणीवाल्याला तीनदा विचारून पक्का केलेला. तो त्यांना चालत नसे. त्यांना कुठला आकडा हवाय हे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तो तोंडातून निघेना.

बाई निवृत्त व्हायच्या त्याच शनिवारी बोर्डही निघणार असं अखेर ठरलं. त्या आठवड्याच्या सोमवारी इतिहासवाले मास्तर खोलीत आले. कॉलेजातून निवृत्त झालेले, खांद्याला पिशवी, बोलताना चष्मा कपाळावर. मुख्यमंत्रिपदाचा इतिहास लिहायचं सरकारी काम त्यांना मिळालं होतं. शनिवारी पानं छापखान्यात जाणार होती.

"बाई, मुख्यमंत्री म्हणजे काय हे मी चारशे पानांत लिहिलंय," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही आठांपैकी सहा कानाने ऐकलेत. तुम्ही एका वाक्यात सांगा."

"ज्याच्या फोनला पहिली दोरी लागते तो," बाई म्हणाल्या.

मास्तर खूश झाले, लिहून घेतलं. मग पिशवीतून कागद काढून म्हणाले, "चौथ्यांबद्दल एवढं ऐका, तुमचीच साक्ष आहे म्हणून." आणि वाचलं, "सकाळी पावणेसात वाजता पाण्याची धोकादायक पातळी कळूनही त्यांनी तीन तास पंचेचाळीस मिनिटे कोणताही आदेश दिला नाही. या पदाच्या इतिहासातील हा सर्वात मोठा हलगर्जीपणा होय."

 मास्तर म्हणाले, "त्यांची मुलगी पत्रांवर पत्रं पाठवतेय, हे वाक्य काढा म्हणून. बिचारी. पण वहीत आकडा आहे, तुमची साक्ष आहे. मी काय करू?"

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. नवरा मशीनवर बसला होता. तो पायाने मशीन चालवतच राहिला, खाली कापड नव्हतं तरी. तसाच म्हणाला, "आता बोललीस तर पेन्शन जाईल. वर खोटी साक्ष दिली म्हणून कोर्टात उभी करतील." मग पाय थांबवून म्हणाला, "आणि तुझं ते पावणेसातचं? मला वाटायचं तुला कामाची आवड आहे गं." त्याचे डोळे भरले. बाईंना रडू आलं नाही. त्या भाजी निवडायला बसल्या.

गुरुवारी चौथ्या साहेबांची मुलगी स्वतःच बोर्डाच्या खोलीत आली. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी, हातात छत्री. दारातून म्हणाली, "नमस्कार बाई." आणि "बाई" म्हणताना किंचित थांबली.  स्टुलाची कड धरून बाई कशाबशा उठल्या.

"तुम्हाला त्रास द्यायला आले नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही खोटं बोललात असंही म्हणत नाही. बाबांनी मला तसं कधी म्हणू दिलं नाही. पण मास्तरांना एवढंच सांगा, की ते तेव्हा आजारी होते. हलगर्जीपणा हा शब्द तेवढा काढा. माझ्या मुलीचं लग्न दोनदा धरणबुडव्याची नात म्हणून मोडलंय."

"साहेब आजारी होते?" बाईंनी विचारलं.

"कसले आजारी! खडखडीत होते." मुलगी खिडकीशी बसली. "पण त्यांना स्वतःचीच खात्री राहिली नाही. म्हणायचे, मला सहाशे बारा आठवतंय. पण बाईंनी वहीत सोळा लिहिलंय, बाई सोळा सांगितलं म्हणतात, तर सोळाच सांगितलं असणार. मीच अर्धवट झोपेत असणार. मी मुख्यमंत्री, आणि एक्केचाळीस माणसांच्या आकड्याला मी झोपेत होतो. आई म्हणायची, अहो, त्या बाईने चुकीचं सांगितलं असेल. तर ते आईवर चिडायचे. अकरा वर्षांत बाईंचा एक आकडा चुकला नाही, म्हणायचे." तिने छत्री भिंतीला टेकवली. "त्यानंतर त्यांनी झोपच सोडली. चौदा महिने. पहाटे उठून बंद पडलेला फोन कानाला लावून बसायचे. मी नीट ऐकतो का बघू दे, म्हणायचे. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. पण ते झोपेवाचून गेले, बाई."

 वीस वर्षं त्यांना वाटत होतं की साहेब सगळं जाणून जाब विचारायला फोन करतात. आणि त्या माणसाने बाईंचा शब्द प्रमाण मानून स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं होतं.

"मी सहाशे बाराच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आकडा आला नव्हता. मी मनाने सांगितला. खरा आठ मिनिटांनी आला आणि मी साहेबांना उलटा फोन केला नाही. आणि मग चौकशीत हो म्हणाले. ते जागे होते. ते टक्क जागे होते."

मुलगी खिडकीशी उठून उभी राहिली. बाईंना वाटलं आता ही छत्री उचलून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. पण ती हळूच म्हणाली, "तुम्ही वीस वर्षं जेवलात कशा हो?" आणि पुन्हा म्हणाली, "नाही, खरंच विचारतेय. कशा जेवलात?"

 कोऱ्या कागदावर बाईंनी सगळं लिहून दिलं, तारीख घातली, खाली सही केली. मुलीने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि निरोप न घेता गेली. शुक्रवारी मास्तर धावत आले. चष्मा कपाळावर नव्हता, डोळ्यांवर होता. "बाई, हे छापलं की तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे."

"पुन्हा विचार करा. वाक्य मी नुसतं गाळतो. तुमचं नाव कशाला?"

"नाव कुठे आहे मला? बोर्डावरची बाई म्हणून लिहा. पण लिहा. आणि ते जागे होते हेही लिहा."

शनिवारी सकाळी बाई नेहमीप्रमाणे साडेसहाच्या आधी खोलीत होत्या. मजूर नऊला येणार होते. बाईंनी माठ भरला, वही पुढ्यात घेतली. पावणेसातला दिवा लागला.

"नमस्कार बाई. धरणात किती?"

"साहेब, त्या दिवशी सहाशे सोळा होतं," बाई म्हणाल्या.  "मी तुम्हाला सहाशे बारा सांगितलं. तुम्ही जे ऐकलंत तेच मी बोलले होते. तुम्ही झोपेत नव्हता. चूक माझी होती. मी चौकशीतही खोटं बोलले. परवा लिहून दिलंय. छापून येईल."

पलीकडे श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग, वीस वर्षांनी, तो शब्द आला. "बरं."

दिवा विझला. सहा सत्तेचाळीस झाले होते. बाईंनी दोरी काढली, पदराने तोंड पुसलं आणि ओक्साबोक्शी रडल्या. आता संपलं, त्यांना वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात अगदी खालच्या ओळीतला एक दिवा लागला.

खालच्या पाच ओळी कधीच कुणाला दिलेल्या नव्हत्या. कचेरी वाढेल म्हणून पहिल्या साहेबांनी करवून घेतलेल्या, पण तिथे कधी वायरच पोचली नाही. बाईंनी त्या खोबणीत दोरी घातली तेव्हा आत साठलेली धूळ बाहेर आली.

"बोर्ड. बोला."

बाईचा आवाज होता, तरण्या बाईचा. ओळखीचा नव्हता. मागे पावसाचा आवाज, कुठेतरी भांडं पडल्याचा. "हॅलो? मी खालच्या वस्तीतून बोलतेय. सायकलवाल्याच्या शेजारून. नदी फार आवाज करतेय हो. धरणात किती आहे?"

खिडकीबाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं.  शेजारचा दिवा लागला. त्याच्या शेजारचा लागला. ओळ भरली, वरची ओळ लागायला लागली. बाईंनी मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती.

"सहाशे सोळा," बाई म्हणाल्या. "ऐक पोरी, सहाशे सोळा आहे आणि चढतंय. भांडीकुंडी राहू दे. पोरांना घे आणि शाळेच्या टेकडीवर जा. आत्ता."

"आत्ता? यांचा डबा व्हायचाय."

"डबा गेला खड्ड्यात! आत्ता निघ."

"बरं, जाते," ती म्हणाली, आणि दिवा विझला.

दुसऱ्या खोबणीत एक म्हातारा होता, तो कानाने बहिरा, त्याला चारदा सांगावं लागलं. तिसऱ्यात पाठोपाठ प्रश्न विचारणारा सायकलवाला स्वतः. मग एक मुलगी, जिला आई घरी नसल्याने दाराची कडी काढता येत नव्हती. तिला बाईंनी पाट ओढून त्यावर चढायला सांगितलं, कडी निघाल्याचा आवाज येईपर्यंत ऐकत राहिल्या. कुणी वाद घालायचं, कुणी हसायचं, कुणाला म्हशी सोडवायच्या होत्या. एकालाही घाईने टाळता येईना. प्रत्येकाला पाणी किती ते हवं होतं आणि प्रत्येकाला बाई खरं सांगत होत्या.

नऊ वाजता लाईनमन आला. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस होते. मागे कपाट उचलायला चार हमाल. दारातच त्याला बाईंचा घोगरा आवाज ऐकू आला, "टेकडीवर, हो, शाळेच्या, आत्ता." त्याने बोर्डाकडे बघितलं आणि त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बाई," तो म्हणाला, "सगळ्या वायरी मी काल संध्याकाळी कापून टाकल्यात. एकूण एक. हे दिवे कसले लागलेत?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. हमाल पुढे सरकले, एकाने कपाटाच्या कोपऱ्याला हात घातला. बाईंनी दोरी न सोडता दुसऱ्या हाताने त्याचं मनगट पकडलं, असं घट्ट की तो कळवळला.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "अजून सात राहिलेत."